इवल्या फुलपाखरांसाठी मॅक्रो लेन्स घ्यावी की क्लोज-अप फिल्टर?

पंख मिटून गवतावर बसलेलं ‘ग्रास ब्लू’ फुलपाखरू जेमतेम नखाएवढं असतं. राखाडी पंखांवर बारीक काळे ठिपके. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, ‘सेल’ म्हणतात त्या मधल्या कप्प्यात ठिपका दिसला तर ‘डार्क ग्रास ब्लू’ची शक्यता उरते, ‘लेसर ग्रास ब्लू’मध्ये तिथे ठिपका नसतो. अडचण अशी की फुलपाखरू स्थिरावलं की पुढचा पंख मागच्या पंखाआड ओढून घेतं आणि नेमकी तीच जागा झाकली जाते. माझ्याकडे असे कितीतरी सुंदर, लख्ख फोटो आहेत, ज्यांवरून जात ठरवता येत नाही.

म्हणून ओळख पटवायची असेल तर फुलपाखरू किती मोठं दिसतं यापेक्षा किती लांबून आणि किती झटपट टिपता येतं, हे मी आधी बघतो. मॅक्रो म्हटलं की सगळे १:१ मागतात, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा प्रत्यक्ष वस्तूएवढीच मोठी. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी आकाराचा सेन्सर साधारण २४ × १६ मिलिमीटरचा असतो. नखाएवढ्या फुलपाखराचे ठिपके मोजायला त्यावर १:२ सुद्धा पुरतं.

६० मिमीची मॅक्रो लेन्स हलकी आणि सुबक, पण १:१ ला तिची काच फुलपाखरापासून दहा सेंटिमीटरच्या आत न्यावी लागते. तोवर ते उडालेलं असतं. १०० मिमीला साधारण १५ सेंटिमीटर मिळतात, आणि तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. शिवाय लांबून जवळ सरकत जाताना फोकस कुठेही अडत नाही, त्यामुळे पंख सरकण्याआधीचा पहिला फोटो हाती लागतो.

क्लोज-अप फिल्टर म्हणजे जवळचं फोकस करून देणारं भिंग, ते टेलिझूमच्या (लांबचं जवळ आणणाऱ्या झूम लेन्सच्या) पुढे लावायचं. रेनॉक्स कंपनीचा डीसीआर-१५० हा ४.८ डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) आहे. झूम २०० मिमीवर आणि फोकस अनंतावर ठेवला की साधारण २१ सेंटिमीटरवरून ०.९६ पट प्रतिमा मिळते, म्हणजे जवळपास १:१ च. झूम मागे घेतला की प्रतिमा लहान होते, अंतर तेवढंच राहतं. डीसीआर-२५० आठ डायॉप्टरचा. ताकद जास्त, पण अंतर साडेबारा सेंटिमीटरवर येतं. फुलपाखरांसाठी मी १५० च सुचवेन. त्याची मर्यादा मात्र नीट समजून घ्या: त्या अंतरापलीकडचं काहीच फोकस होत नाही. बाजूच्या फांदीवर मोठं फुलपाखरू आलं की फिल्टर काढावाच लागतो. क्लिपचा असल्याने तो पटकन निघतो.

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची पोकळ नळी, ५० मिमीच्या लेन्सवर छान चालते. २५ मिमीच्या ट्यूबने अर्ध्या पटीची भर पडते. तीच २०० मिमीवर लावली तर भर एक अष्टमांशच. आणि ५० मिमीवर पुन्हा फार जवळ जावं लागतं. म्हणून या कामासाठी नकोच.

मोबाइलचा मॅक्रो मोड बहुधा अल्ट्रावाइड लेन्स वापरतो, त्यामुळे फोन दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो आणि त्याचीच सावली पंखावर पडते. फोनला टेलि कॅमेरा असेल तर त्याने थोडं लांबून काढा आणि मग क्रॉप करा.

एका बाबतीत मात्र खरी मॅक्रो लेन्सच सरस ठरते. युरोपातली ‘स्मॉल स्किपर’ आणि ‘एसेक्स स्किपर’ ही फुलपाखरं मिशांच्या टोकांवरून वेगळी ओळखतात: टोकाची खालची बाजू एसेक्समध्ये काळी, स्मॉलमध्ये नारिंगी-तपकिरी. ती बघायला समोरून, खाली वाकून, पूर्ण १:१ वर जावं लागतं. तेव्हा डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणारी खोली, मिलिमीटरभरही उरत नाही. ती वाढवायला लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करत एफ/११ च्या पुढेही फार जाऊ नका, कारण १:१ ला एफ/११ हे प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं आणि बारकावे मऊ पडतात.

घरात ७०-३०० मिमीचा झूम पडून असेल तर आधी फिल्टर घ्या. काहीच नसेल आणि पुढे स्किपरांच्या वाटेला जायचं असेल तर १०० मिमी. दोन्हींत पहिला फोटो दिसल्या जागेवरूनच घ्या, मग कॅमेरा मिटलेल्या पंखाला समांतर धरून पुढे सरका, आणि पंख उघडले तर वरची बाजूही टिपा.