बाथरूमच्या फरशीखाली काय होतं

घराचं काम संपत आलं तसे पैसेही संपत आले, म्हणून रंगकाम स्वतः करायचं ठरवलं. पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. चुकलं तर पुन्हा घासता येतं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग मात्र जाणकारानंच करावं म्हणून एका ठेकेदाराला उक्तं दिलं.

माणूस बोलायला गोड. निम्मी उचल कामाआधीच घेतली. "तुम्ही तुमचं रंगाचं बघा, इथे धुळीत कशाला थांबता?" मला ती काळजी वाटली. मी आतल्या खोलीत दिवसभर भिंत घासत होतो आणि तिकडे बाथरूम झाकलं जात होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर भिंतीच्या कडेनं वीतभर वॉटरप्रूफिंगचा राखाडी थर छान चढलेला, मधे वाळू-सिमेंटचा माल पसरलेला, कोपऱ्यात रिकामे डबे रचलेले. पाणी भरून तपासलं का, विचारलं. "कालच भरलं होतं, थेंब गेला नाही." मी डबे मोजले आणि राहिलेले पैसे दिले. काल दुपारी तर पहिला हातच ओला होता, मग पाणी भरलं कधी? हे तेव्हा सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

सहा महिन्यांत बाथरूमच्या पलीकडची, मी रंगवलेली भिंत खालून फुगली आणि पोपडे निघाले. माझ्याच रंगकामात खोट आहे असं समजून दोनदा खरवडून पुन्हा रंगवली. शेवटी दुसऱ्या मिस्त्रींनी तीन लाद्या उचलल्या, खालचा माल फोडला. मधे नुसतं काँक्रीट. थर फक्त कडेला, जिथे माझी नजर जाणार होती तिथे, आणि तोही नखानं खरवडला तर खडूसारखा भुकटी होऊन हातात आला. डब्यातला वॉटरप्रूफिंगचा द्रव कमी, सिमेंट-पाणी जास्त घालून थराचा माल वाढवला होता, असं मिस्त्री म्हणाले. नहाणी ट्रॅपभोवतीचा, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून बाहेर जातं त्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचा सांधा, जिथून पाणी सगळ्यात आधी मुरतं, तसाच उघडा. ठेकेदार आता फोन उचलत नाही. रंगात वाचवलेल्या मजुरीपेक्षा जास्त पैसे फोडकामात गेले.

स्वतः करू की माणूस लावू, हे ठरवताना आपण जमेल का आणि किती वाचेल एवढंच बघतो. पण वॉटरप्रूफिंग, भिंतीतले नळाचे पाइप, वायरिंगच्या नळ्या ही कामं एकदा झाकली की पुन्हा दिसत नाहीत. ती चालू असतील त्या दिवशी हातातला ब्रश ठेवा आणि तिथे उभे राहा. रंग आठवडाभर थांबतो. डबे सीलबंद आणायला लावा, समोर फोडायला लावा. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा, आणि तो पहिल्याला आडवा. मग ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरायचं, पातळीला पेन्सिलनं खूण करायची आणि किमान 48 तास ठेवायचं. खालून छत आणि शेजारच्या भिंती बघायच्या. नळाच्या पाइपांना दाब देऊन तपासणी भिंत बुजवण्याआधीच. प्रत्येक थराचे फोटो काढा, आणि मोठी रक्कम पाण्याच्या चाचणीनंतरच द्या. याला नाही म्हणणाऱ्याला काम देऊच नका.

दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा मी पूर्ण वेळ दाराशी बसून होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी खुणेच्या जेमतेम केसभर खाली होतं, खालचं छत कोरडं. मगच म्हणालो, "मिस्त्री, आता लाद्या बसवा."