कुठल्या जंगलाशेजारी राहायचं? प्रदेशागणिक बदलणाऱ्या वणव्यांची तुलना

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा निवृत्तीनंतर झाडांच्या सोबतीनं राहावं म्हणून नव्या प्रदेशात घर घ्यायचं ठरलं, की माणूस पाणी बघतो, रस्ता बघतो, शाळा-दवाखाना बघतो. वणव्याचा विचार केलाच, तर उपग्रहानं टिपलेल्या आगींचा एखादा नकाशा उघडतो आणि लाल ठिपके जिथे दाट, तिथे धोका जास्त, असं समजून मोकळा होतो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि महागात पडू शकेल इतका चुकीचा.

जगात दरवर्षी जेवढी जमीन जळते, तिच्यापैकी साधारण दोन तृतीयांश एकट्या आफ्रिकेत जळते, मुख्यतः सहाराच्या दक्षिणेकडच्या गवताळ प्रदेशात. नकाशावर तो पट्टा लालभडक दिसतो. आता दुसरं टोक बघा. ८ नोव्हेंबर २०१८ला उत्तर कॅलिफोर्नियात पॅराडाइज गावाजवळ लागलेल्या आगीत सुमारे ६२ हजार हेक्टर जळाले. आफ्रिकेच्या मानानं हा आकडा नगण्य आहे. पण त्या आगीत ८५ माणसं गेली आणि १८ हजारांहून जास्त बांधकामं राख झाली.

म्हणून प्रदेशांची तुलना करताना तीन प्रश्न वेगळे ठेवावेत: आग किती वेळा लागते, कशामुळे लागते आणि ती नेमकं काय हिरावून नेते. या तिन्हींची उत्तरं एकाच दिशेनं जातील असं मुळीच नाही.

वरचेवर जळणारे आणि क्वचित जळणारे

आफ्रिकेच्या सॅव्हानात आग दर एक-दोन वर्षांनी फिरतेच. ती बहुतेक वेळा माणूसच लावतो: गुरांना कोवळा चारा मिळावा म्हणून, शेत मोकळं करायला, कधी शिकारीसाठी. गवत पटकन पेटतं आणि पटकन विझतं. मुळं जमिनीत शाबूत राहतात आणि पुन्हा फुटवे येतात. शिवाय दरवर्षी जळल्यामुळे मोठ्या आगीला लागणारं सरपण साठतच नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातले आदिवासी समाज कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच, जमिनीत ओल असताना, छोट्या-छोट्या आगी लावतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. ऋतूच्या शेवटी येणाऱ्या दांडग्या आगीला मग खायला फारसं उरत नाही. गवताळ प्रदेशात वणवा निरुपद्रवी असतो असं नाही, गुरं आणि झोपड्या तिथेही जळतात. पण आगींची संख्या आणि नुकसान यांचं प्रमाण तिथे अगदी व्यस्त आहे.

याच्या उलट अमेरिकेच्या पश्चिमेकडची सूचिपर्णी जंगलं. तिथल्या मूळ रहिवाशांची जंगल हलकं जाळण्याची पद्धत बंद पाडली गेली. १९३५पासून वनखात्याचं धोरणच असं होतं, की आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. त्यातून अनेक दशकांचा पालापाचोळा, वाळकी खोडं आणि दाटीनं वाढलेली छोटी झाडं साठत गेली. आता तिथे आग लागली, की ती जमिनीवरून शेंड्यांवर चढते. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या झुडपी डोंगरांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे आग फार क्वचित लागते ही अडचण नाही. ती माणसामुळे इतक्या वेळा लागते, की झुडपांना सावरायला उसंत मिळत नाही आणि त्यांच्या जागी लवकर पेटणारं गवत माजतं. एकाच राज्यात दोन उलटे आजार आहेत, म्हणून राज्याच्या नावावरून धोका ठरवू नये.

कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया: घर जळतं ते ठिणग्यांनी

हे दोन प्रदेश नेहमी जोडीनं घेतले जातात आणि ते योग्यच आहे. दोन्हीकडे दीर्घ कोरडा काळ, वाळवंटाकडून येणारे सुके वारे आणि जंगलात घुसलेली घरं आहेत. १९९२ ते २०१२ या काळात अमेरिकेत नोंदलेल्या वणव्यांपैकी ८४ टक्के माणसामुळे लागले होते. पॅराडाइजची आग वीजवाहिनीच्या बिघाडातून लागली आणि वीज कंपनीनं २०२०मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन मोठ्या आगींत १६ हजारांहून जास्त बांधकामं गेली, तीही ऐन हिवाळ्यात. त्याआधी बऱ्या पावसामुळे झुडपं फोफावली होती आणि पुढे कित्येक महिने पाऊसच पडला नव्हता.

अशा आगीत घर कसं जळतं, हे नीट समजून घ्यायला हवं. ज्वालांची भिंत येऊन घर गिळते, असं आपल्याला वाटतं. बहुतेक घरं प्रत्यक्षात वाऱ्यानं आलेल्या निखाऱ्यांनी जातात. निखारा पन्हळीत साठलेल्या वाळक्या पानांवर पडतो, छपराखालच्या झरोक्याच्या जाळीतून माळ्यावर शिरतो किंवा दारापुढच्या काथ्याच्या पायपुसण्यावर धुमसत बसतो. आगीची मुख्य रेषा अजून लांब असते आणि घर आतून पेटतं. मग शेजारच्या घराला धग लागते. पॅराडाइजच्या फोटोंत घरांच्या जागी राख दिसते आणि त्या राखेच्या मधोमध हिरवी पाइनची झाडं उभी दिसतात, ती त्यामुळेच. म्हणून भिंतीलगतचे पहिले पाच फूट पूर्ण मोकळे ठेवणं आणि झरोक्यांना बारीक जाळी बसवणं यांना मी अर्धा किलोमीटर दूरच्या जंगलतोडीपेक्षा जास्त किंमत देईन.

ऑस्ट्रेलियात निलगिरीमुळे हा प्रकार अधिकच उग्र होतो. तिच्या सालीच्या लांब पट्ट्या पेटत्या अवस्थेत कित्येक किलोमीटर उडत जातात आणि पुढे नवी आग लावतात. ७ फेब्रुवारी २००९ला व्हिक्टोरिया राज्यात एकाच दिवसाच्या आगींनी १७३ बळी घेतले. त्याआधी 'वेळीच निघा किंवा थांबून घर वाचवा' असा सल्ला दिला जाई. त्यानंतर धोक्याच्या श्रेणीत सर्वांत वरची 'विनाशकारी' ही पायरी आली आणि अशा दिवशी लवकर निघून जाणं हाच सुरक्षित मार्ग ठरवला गेला. २०१९-२०च्या उन्हाळ्यात २ कोटी ४० लाख हेक्टरांच्या आसपास जमीन जळली, ३ हजारांहून अधिक घरं गेली, आगीत थेट ३३ जण दगावले. धुरानं झालेले मृत्यू त्याच्या कितीतरी पट, चारशेच्या वर असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे.

घर घेणाऱ्याच्या दृष्टीनं या दोघांत मला ऑस्ट्रेलिया उजवा वाटतो. तिथे वणव्याच्या पट्ट्यात नवं बांधकाम करताना त्या भूखंडावर किती धग येईल याची श्रेणी ठरवावी लागते, आणि काचा, छप्पर, जाळ्या कशा असाव्यात हे त्या श्रेणीवर अवलंबून असतं. जुन्या घराला मात्र हे लागू असेलच असं नाही, म्हणून बांधकामाचं वर्ष विचारावं. कॅलिफोर्नियात घराभोवती १०० फुटांपर्यंत झाडोरा आटोक्यात ठेवणं धोक्याच्या भागांत कायद्यानं बंधनकारक आहे, पण तिथली खरी अडचण विम्याची आहे. राज्यातल्या सर्वांत मोठ्या घरविमा कंपनीनं मे २०२३मध्ये नव्या घरांचा विमा उतरवणंच थांबवलं. कर्ज काढून घर घेणाऱ्याला विमा लागतोच. तो मिळाला नाही, तर शेवटचा आधार म्हणून असलेल्या योजनेत जावं लागतं, आणि तिथे हप्ता जास्त आणि संरक्षण तुटपुंजं.

भूमध्य समुद्राभोवती: गावं ओस, डोंगर भरलेले

पोर्तुगाल, स्पेन, ग्रीस इथेही आगी बहुतांशी माणसाच्या हातूनच लागतात: शेतातला कचरा जाळताना, यंत्राच्या ठिणगीनं, कधी मुद्दाम. पण आग एवढी का पसरते, याचं उत्तर ओस पडलेल्या गावांत आहे. तरुण शहरांत गेले, शेळ्या-मेंढ्या गेल्या, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत झुडपं माजली. पोर्तुगालच्या वनक्षेत्राचा साधारण चौथा हिस्सा कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या निलगिरीचा आहे.

इथली घरं बहुतेक दगडविटांची आणि कौलारू. जीव जास्त जातात ते पळताना, वाटेत. जून २०१७मध्ये मध्य पोर्तुगालमधल्या पेद्रोगाओ ग्रांदे इथल्या आगीत ६६ माणसं गेली, त्यांतली पुष्कळशी मोटारीतून निसटताना एकाच रस्त्यावर सापडली. जुलै २०१८मध्ये अथेन्सजवळच्या माती या समुद्रकाठच्या वस्तीत शंभराहून अधिक बळी गेले. अरुंद गल्ल्या, दाटीवाटीची पाइनची झाडं, आणि समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे उतरायला पुरेशा वाटा नव्हत्या. या भागातल्या टेकडीवरचं स्वस्त जुनं घर बघत असाल, तर घराआधी रस्ते मोजा. बाहेर पडायला एकच वाट असलेलं घर मी तरी घेणार नाही, मग शेजारची जमीन कितीही नीट राखलेली असो. पोर्तुगालमध्ये घराभोवती ५० मीटर साफ ठेवायचा नियम आहे. पण ते ५० मीटर बरेचदा शेजाऱ्याच्या जमिनीत शिरतात आणि शेजारी परदेशात असतो.

कॅनडा आणि सायबेरिया: आग तिथे, धूर इथे

उत्तरेकडच्या या जंगलांत आकाशातून पडणाऱ्या विजेचा वाटा मोठा आहे. कॅनडात निम्म्याच्या आसपास आगी विजेनं लागतात, पण जळणारं बहुतांश क्षेत्र त्याच आगींचं असतं, कारण त्या मनुष्यवस्तीपासून दूर लागतात आणि कुणी पोचेपर्यंत पसरलेल्या असतात. २०२३मध्ये तिथे सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळालं, आधीच्या विक्रमाच्या दुप्पट. जूनमध्ये न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं, ते याच धुरानं. ऑगस्टमध्ये यलोनाइफ हे सुमारे २० हजार वस्तीचं शहर रिकामं करावं लागलं. शहर वाचलं. २०१६मध्ये फोर्ट मॅकमरीतून ८८ हजार लोक बाहेर काढले गेले आणि २,४०० इमारती जळाल्या.

सायबेरियाच्या दुर्गम भागांत तर विझवण्याचा खर्च संभाव्य नुकसानीपेक्षा जास्त दिसला, तर आग विझवायची नाही, अशी मुभा २०१५मध्ये नियमानंच दिली गेली. जमिनीखालच्या कुजट थरात शिरलेली आग हिवाळाभर बर्फाखाली धुमसते आणि वसंतात पुन्हा डोकं वर काढते.

राहण्यासाठी कॅनडा निवडणाऱ्याला घर जाण्याची भीती थोड्याच ठिकाणी आहे. पण उन्हाळ्यातले काही आठवडे खिडक्या बंद ठेवून काढायची तयारी हवी, आणि ती आगीपासून हजार किलोमीटर दूरच्या शहरातही. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हा मुद्दा सर्वांत वर ठेवावा.

जिथे निसर्ग पेटवतच नाही

ओल्या विषुववृत्तीय जंगलात आपणहून आग लागणं जवळपास अशक्य. अमेझॉनमध्ये झाडं आधी तोडतात, काही महिने वाळू देतात आणि मग जाळतात. जागा गुरांच्या कुरणासाठी किंवा शेतीसाठी हवी असते. दुष्काळी वर्षी तीच आग उभ्या जंगलात शिरते, आणि तिथल्या झाडांच्या पातळ सालींना आगीची सवय नसते.

इंडोनेशियाचं दुखणं याहून चिवट आहे. सुमात्रा आणि बोर्निओत दलदलीखाली हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, म्हणजे पीटचा, कित्येक मीटर जाडीचा थर आहे. पाण्यात बुडालेला असेपर्यंत तो पेटत नाही. पाम तेलाच्या आणि कागदासाठीच्या मळ्यांसाठी कालवे खणले, पाणी उतरलं आणि वरचा थर सरपणासारखा सुकला. अशी जमीन पेटली, की ज्वाळा फारशा दिसत नाहीत. आग खाली-खाली आणि आडवी सरकते, झाडांची मुळं जळून झाडं आपोआप कोलमडतात. वरून मारलेलं पाणी खालच्या आगीपर्यंत पोचत नाही आणि खरा उतारा पावसाचाच. एल निन्योच्या वर्षी तोच लांबतो. २०१५मध्ये सुमारे २६ लाख हेक्टर जळाले. जागतिक बँकेनं इंडोनेशियाचं नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं. सिंगापूर आणि मलेशियात शाळा बंद ठेवाव्या लागल्या. घरं फार जळाली नाहीत, पण कोट्यवधी माणसं आठवडेच्या आठवडे विषारी हवेत जगली. हे नुकसान जळालेल्या घरांच्या यादीत येत नाही, म्हणून ते कमी लेखलं जातं, आणि याची मला मनापासून चीड येते.

भारतातले वणवे या सगळ्यांपेक्षा वेगळे, बहुतांशी जमिनीवरून सरपटणारे. फेब्रुवारी ते जून हा त्यांचा काळ. मध्य भारतात मोहाची फुलं वेचायला जमीन साफ दिसावी म्हणून पाचोळा पेटवतात. उत्तराखंडात चीड या पाइनच्या जातीच्या झाडांच्या सुया राळेमुळे भडकतात. ईशान्येत झूम, म्हणजे जंगल तोडून-जाळून करायच्या फिरत्या शेतीची आग हाताबाहेर जाते. वनसर्वेक्षणानुसार देशाचं सुमारे ३६ टक्के वनक्षेत्र वारंवार वणव्याला बळी पडू शकतं. घरं क्वचित जातात. जातात ती रोपं, चारा, मातीवरचं पांघरूण, म्हणजे पुढच्या वीस वर्षांचं जंगल. डोंगरात भटकणाऱ्यांना मात्र धोका खरा आहे: मार्च २०१८मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या उतारावर २३ गिर्यारोहकांचा बळी गेला.

जुन्या नोंदींवर किती विसंबावं

जून २०२१मध्ये पश्चिम कॅनडातल्या लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी गावाचा बहुतेक भाग जळाला. ऑगस्ट २०२३मध्ये हवाईतल्या लहैनात शंभरच्या आसपास माणसं गेली. बेटावरची उसाची शेती बंद पडली होती आणि त्या पडीक रानात बाहेरून आलेलं गवत माजलं होतं. हवाई बेटं कुणाच्याही डोळ्यांपुढे वणव्याचा प्रदेश म्हणून येत नाहीत. म्हणून मागच्या तीस वर्षांत आग लागली नाही, या एका गोष्टीवर कुठलंच घर पसंत करू नका. शेजारची जमीन कुणाच्या ताब्यात आहे, ती कसली जाते की पडीक आहे आणि वाळकं गवत कोण कापतं, हे आधी विचारा.

घरात वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर कॅलिफोर्नियाच्या किंवा भूमध्य किनाऱ्याच्या टेकडीपेक्षा सपाटीवरचं, बाहेर पडायला दोन-तीन रस्ते असलेलं गाव घ्या, मग दृश्य थोडं कमी सुंदर असलं तरी चालेल. फुप्फुसांचा त्रास असेल, तर पीटचा धूर वाऱ्यानं जिथे येतो ती शहरं टाळा. पैसा कर्जाचा असेल, तर बयाणा देण्याआधी विम्याचं लेखी दरपत्रक हातात घ्या. आणि जागा बघायला जाल, तेव्हा पावसाळ्यानंतरच्या हिरवाईत जाऊ नका. तिथल्या कोरड्या ऋतूच्या अखेरीला, वारा सुटलेल्या दिवशी जा आणि जवळच्या अग्निशमन केंद्रात थांबून विचारा, की गेल्या वेळी गाव रिकामं करताना गाड्या कुठे अडकल्या होत्या.