क्ले बारच्या नावाखाली गाडीच्या रंगाची वाट

डिटेलिंगवाल्याने गाडी परत दिली तेव्हा बॉनेटमध्ये चेहरा दिसत होता. बिलावर क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा), पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा टिकाऊ संरक्षक थर), तिन्ही लिहिलेलं. पुढे शॅम्पूने धुता धुता चकाकी उतरत गेली आणि उन्हात पट्ट्यापट्ट्यांचे सरळ ओरखडे दिसायला लागले. दुकानात सांगितलं, "ते आधीचेच असणार, साहेब." कामाआधी काढलेल्या फोटोंत ते नव्हते.

फडक्याने धुताना पडणारे बारीक ओरखडे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल दिसतात. हे तसे नव्हते. हात पुढे-मागे फिरतो त्या दिशेने होते. दुसऱ्या एका कारागिराने दाराचा थोडा भाग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. तेवढ्या तुकड्यावर आणखी ओरखडे उघडे पडले. म्हणजे वरून ग्लेझ, ओरखडे तात्पुरते झाकणारं चकचकीत द्रव्य, फासून ते बुजवले होते. ग्लेझमधलं तेल आणि ओरखड्यांत भरणारा फिलर धुण्यात निघून जातं. खरं सिरॅमिक कोटिंग साध्या शॅम्पूने असं उतरत नाही. ते लावलंच नसणार.

कळीचा मुद्दा ल्युब्रिकंटचा, म्हणजे क्लेखाली फवारायच्या निसरड्या द्रवाचा आहे. ब्रेकमधून उडालेले लोखंडी कण, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक असं धुऊनही न निघणारं सगळं क्ले उचलते. पण ती घासायची नसते, निसरड्या थरावरून हलक्या हाताने सरकवायची असते. थर सुकला की क्लेत अडकलेली कचच रंगावर फिरते. त्यातून रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुतेक गाड्यांवर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. माझ्यासमोर जो फवारा मारला त्याला डिटेलिंगवाला "स्पेशल सोल्यूशन" म्हणत होता. बोटाला लावून पाहिलं तर निसरडेपणा औषधालाही नव्हता, साधं पाणीच वाटलं. शॅम्पूचं पाणी वापरलं असतं तरी बरंच निभावलं असतं!

क्लेचा काळाकुट्ट गोळा दाखवून "बघा किती घाण निघाली" म्हणणं हाही खेळच. क्ले थोडी मळली की दुमडून स्वच्छ बाजू वर घ्यायची आणि जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यायची. तो गोळा किती गाड्यांवरून फिरून आला होता कोण जाणे. टपावर तर तो फिरलाच नव्हता. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या रंगावरून बोटं फिरवली की उरलेली खरखर लगेच जाणवते. माझ्या टपावर ती जशीच्या तशी होती.

तुम्ही काम देणार असाल तर क्लेचा नवा तुकडा समोर फोडायला लावा. पॉलिशनंतर आणि कोटिंगच्या आधी अल्कोहोलने पुसून, उजेड मारून पॅनल दाखवा म्हणावं. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे गाडी सोडू नका.

आता तोच दुकानदार अर्ध्या पैशांत पुन्हा पॉलिश करून देतो म्हणतो. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट आणखी झिजवणं. रंगाची जाडी गेजने मोजल्याशिवाय मी कुणालाच मशीन लावू देणार नाही, आणि त्याला तर मोजूनही नाही.