कवळीला अस्तर: आधी कवळी कशाची ते बघा

"डॉक्टर, कवळी ढिली झालीय, आतून अस्तर लावा. मऊ चांगलं की कडक?" गिरगावातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमीचा. मी उलट विचारतो, कवळी कशाची आहे? अस्तर सुटतं ते बहुधा सांध्यात, म्हणजे ते कवळीला चिकटतं त्या जागी, आणि सांधा किती पक्का बसेल हे निम्मं कवळीच ठरवते.

नेहमीची गुलाबी अॅक्रिलिक प्लास्टिकची असेल तर काम सोपं. लॅबमधल्या हीट-क्युअर (उष्णतेने घट्ट होणाऱ्या) अस्तराचं लिक्विड, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, जुन्या कवळीचा वरचा थर फुगवून आत शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. याहून पक्का सांधा मी पाहिलेला नाही. पण कवळी एक-दोन दिवस लॅबला द्यावी लागते, आणि घरात लग्न असलं की आजी ती द्यायला मुळीच तयार नसतात.

मग खुर्चीतच, तासाभरात होणारं सेल्फ-क्युअर (उष्णतेशिवाय आपोआप घट्ट होणारं) कडक अस्तर. ते तोंडात घट्ट होतं, म्हणून बऱ्याच किटमध्ये हिरडीला कमी झोंबणारं, मोठ्या रेणूचं लिक्विड असतं. पण जे हिरडीला सौम्य, ते जुन्या अॅक्रिलिकमध्येही कमी मुरतं. त्यासाठी किटमध्ये वेगळा बाँडिंग द्रव येतो आणि घाई नेमकी तिथेच नडते. कवळी आतून बरने (ड्रिलच्या पात्याने) खरवडून ताजं अॅक्रिलिक उघडं करायचं, त्याला लाळेचा थेंबही लागू द्यायचा नाही, आणि द्रवाला सांगितलेला वेळ द्यायचा. मोडलेली कवळी सांधताना कडा 180 सेकंद मोनोमरने, म्हणजे अॅक्रिलिकच्या लिक्विडने, ओल्या ठेवल्या तर जोड सुधारतो, हे प्रयोगांत दिसलंय. गर्दीच्या संध्याकाळी ती तीन मिनिटं फार लांब वाटतात, एवढंच.

मऊ अस्तरांत दोन जाती. अॅक्रिलिकचं मऊ अस्तर कवळीला छान धरतं, पण त्यातला प्लास्टिसायझर, म्हणजे मऊपणा देणारा घटक, लाळेत झिरपून जातो आणि काही महिन्यांत ते कडक होतं. सिलिकॉन मऊपणा जास्त टिकवतं, पण अॅक्रिलिकशी त्याचं रासायनिक नातं नाही. सगळी भिस्त प्रायमरवर, म्हणजे चिकटण्यासाठी आधी लावायच्या द्रवावर. कडेने सुटू लागलं की फटीत पाणी शिरतं, मागोमाग बुरशी. मऊ अस्तराच्या सांध्याला निदान 0.44 मेगापास्कल ताकद हवी असं मानतात. चांगलं सिलिकॉन नवं असताना ती सहज गाठतं. खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजतं, त्यामुळे तिथे हिरडी पातळ होऊन टोचत असेल तर मी सिलिकॉनच सुचवतो, पण तपासणीला येत राहण्याच्या अटीवर.

फ्लेक्झिबल, म्हणजे नायलॉनच्या कवळीवर अॅक्रिलिकचं लिक्विड चालतच नाही. अस्तर पापुद्र्यासारखं निघतं. तिथे पैसे घालू नका, नवीच करा. थ्रीडी-प्रिंटेड कवळीतलं रेणूंचं जाळं घट्ट विणलेलं, लिक्विड कमी शिरतं. तिला अस्तर करून घेणार असाल तर त्याच सामग्रीच्या प्रायमरबद्दल आधी विचारा.

खर्च परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. दिवस मोकळा ठेवून जा, आणि कवळीची जुनी पावती सापडली तर सोबत घ्या.