न्यूयॉर्कचे समीक्षक की लॉस एंजेलिसचे?

ऑस्करच्या आधी, डिसेंबरच्या सुमारास अमेरिकेतली ही दोन समीक्षक मंडळं आपापले कौल देतात. न्यूयॉर्कचं मंडळ 1935 सालचं, लॉस एंजेलिसचं 1975 चं. थोरलं-धाकटं म्हणा हवं तर.

धाकट्याची एक गोष्ट मला फार आवडते: ते उपविजेताही जाहीर करतं, म्हणजे चुरस कुणाकुणात होती ते कळतं. 2022 मध्ये ‘आरआरआर’साठी राजामौलींना न्यूयॉर्कने थेट सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरवलं, लॉस एंजेलिसमध्ये ते उपविजेते राहिले, पण संगीताचा मान कीरवाणींना मिळाला. त्याच वर्षापासून लॉस एंजेलिसने अभिनयात नट-नटी हा भेदही काढून टाकला. न्यूयॉर्कने तो ठेवलाय.

2024 मध्ये न्यूयॉर्कने ‘द ब्रुटलिस्ट’ निवडला, लॉस एंजेलिसने ‘अनोरा’. आणि तिथला उपविजेता? ‘द ब्रुटलिस्ट’च! परभाषी चित्रपटाबाबत मात्र दोघांचं एकमत झालं: पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. मुंबईतल्या परिचारिकांची गोष्ट, त्यात आपल्या छाया कदम. (ऑस्करला भारताने हा पाठवलाच नव्हता, ते दुखणं वेगळं.)

नुसता निकाल हवा असेल तर न्यूयॉर्क पाहा. मी आधी लॉस एंजेलिसची यादी उघडतो.