पावसाचं पाणी जमिनीत जिरवायच्या शोषखड्ड्याला गिलावा करतात का हो?

6,85,000 रुपयांना फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो. घरी अजून 5 लाखच सांगितलेत.

नागपूरच्या मनीषनगरात माझी तीन मजली कमर्शियल इमारत. नवतपाच्या कडक उन्हात वरच्या मजल्यावर भाडेकरू टिकत नाही. अशात एक 'ग्रीन कन्सल्टंट' आला. "काका, सुटं सुटं करून फायदा नाही जी, सारं जोडूनच करा लागते." हे खोटं नव्हतंच. छत पांढरं केलं, उन्हाच्या बाजूला दुहेरी काच लावली, तर एसी लहान पुरतो अन् सोलरही. खऱ्यात गुंडाळलेलं खोटं गिळलं मी.

काचांचे 4,10,000. छताचा लेप अन् शोषखड्डा 1,35,000. ग्रीन इमारतीच्या 'गोल्ड' प्रमाणपत्राची फी 1,40,000. सोलर म्हणे सबसिडी आल्यावर. सूर्यघर योजनेची सबसिडी फक्त घरांना असते, गाळ्यांना नाही! पेपरात वाचलं होतं मी.

पण खरी जळजळ खड्ड्याची. मिस्त्री तळाला सिमेंटचा गिलावा करत होता. मी काठावर चहा पीत उभा. वरून म्हणालो, "वा, काय गुळगुळीत काम!" अरे, तळ लिंपल्यावर पाणी जिरणार कुठून? तिथं गिट्टी अन् रेती लागते. जुलैत झाकण उचललं तर कंबरभर पाणी अन् मच्छर.

मी अडाणी नाही. गांधीबागेत 22 वर्षं ठोक कापड विकलं, सुती की मिक्स ते बोटानं सांगतो. काचेला मात्र बोट लावलं नाही. रात्री काचेसमोर लायटर धरा, दुहेरीत चार ज्योती दिसतात. माझ्यात दोन, म्हणजे काच एकेरीच.

प्रमाणपत्राची फ्रेम पाहून भाडेकरूनं नंबर मागितला. हे प्रमाणपत्र देणाऱ्या आयजीबीसी संस्थेच्या यादीत इमारत निघाली, पण नुसती 'रजिस्टर्ड'. ती नोंदणी आहे, गोल्ड नव्हे. यादी पैसे द्यायच्या आधी बघा, माझ्यासारखी नंतर नाही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "करारनामा आहे न? मग दिवाणी मामला." तीन चकरा, दर वेळी नवी झेरॉक्स. चौथ्यांदा गेलो तर आधीचा अर्जच सापडेना! वकील म्हणतो, धंद्यासाठी घेतलं म्हणून 2019 च्या ग्राहक कायद्यात तुम्ही ग्राहकच नाही. महापालिकेच्या झोन ऑफिसचा माणूस खड्डा बघायला आला, झाकणावर पाय ठेवून म्हणाला, "खड्डा तर आहे न काका?" अन् रकान्यात टिक करून गेला.

बिलावर जीएसटी नंबर नसेल तर तिथंच थांबा.

माझा फोन तो कन्सल्टंट उचलत नाही. परवा पोराच्या मोबाइलवर त्याचं स्टेटस दिसलं. माझ्याच इमारतीचा फोटो, खाली 'समाधानी ग्राहक'.