‘राजवाडा आज बंद आहे’ असे बँकॉकमध्ये कोणी सांगितल्यास

सिंगापूरहून निघालेली आमची क्रूझ थायलंडमध्ये लाएम चाबांग बंदराला लागली. बँकॉक तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असून बसने जाताना दोन तास आणि येताना तेवढेच जातात. जहाज संध्याकाळी सुटणार असल्याने शहर पाहण्यासाठी प्रवाशाच्या हाती फार थोडा वेळ उरतो. आम्हाला लुबाडणाऱ्यांचे सारे गणित याच घाईवर बेतलेले होते.

मी, पत्नी, थोरले बंधू आणि वहिनी असे आम्ही ग्रँड पॅलेस या राजवाड्याच्या पांढऱ्या तटाजवळ उतरलो, तेव्हा गळ्यात ओळखपत्र घातलेला एक नीटनेटका गृहस्थ हात जोडून पुढे आला. सणामुळे आज दुपारी एकपर्यंत राजवाडा केवळ थाई भाविकांसाठी उघडा आहे, असे त्याने अत्यंत अदबीने सांगितले. तोवर ‘वाट इंथाराविहान’ (‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर) येथील ३२ मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती पाहून घ्या, वाटेत रत्नांची सरकारी विक्री लागेल, असे म्हणत त्याने आमच्या नकाशावर खुणा केल्या आणि ४० बाटमध्ये (बाट हे थाई चलन) फिरवणारी टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षाही थांबवून दिली.

मंदिरात दर्शनाला आलेला दुसरा एक मनुष्य सहज बोलावे तसा बोलू लागला. आपण शिक्षक आहोत, त्या विक्रीत आपणही खडा घेतला, करमाफीचा आज शेवटचा दिवस आहे, असे त्याने न विचारताच सांगितले. पहिल्या माणसाविषयी वहिनींच्या मनात असलेली शंका या दुसऱ्यामुळे पार मिटली. या फसवणुकीची खरी कळ येथेच आहे, कारण एकमेकांना न ओळखणारी दोन माणसे एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी असणार, असे कोणत्याही सरळ माणसाला वाटते.

दुकानात थंड सरबत आले, पाठोपाठ राशीची चौकशी झाली. बंधूंची साडेसाती चालू असल्याचे कळताच विक्रेत्याने नीलमचा ट्रे पुढे सरकवला. ‘शनी’ हा शब्द त्याला चांगला ठाऊक होता. मुंबईत याचे दुप्पट मिळतील, असे सांगून त्याने ३८ हजार बाटला एक खडा बंधूंच्या कार्डावर विकला. आम्ही बाहेर आलो तेव्हा टुकटुकवाला निघून गेला होता. टॅक्सीने राजवाड्याशी पोहोचलो, तर परदेशी पाहुण्यांचे घोळके आतून बाहेर येत होते आणि राजवाडा रोज उघडा असतो, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका, अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून चालू होती. आत जाण्याइतका वेळ मात्र आमच्याकडे उरला नव्हता. मुंबईतील तपासणीत खडा नैसर्गिक निघाला, पण उष्णता देऊन रंग उठवलेला आणि हलक्या प्रतीचा. आम्ही मोजलेल्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी मोल सराफांनी सांगितले. खडा खोटा नसल्यामुळे कार्ड कंपनीने तक्रार फेटाळली. निवृत्तीनंतर जपून खर्च करणाऱ्या माझ्या भावाची ती रक्कम होती, आणि त्याचा संताप मला अजूनही आवरत नाही.

थायलंड सरकार रत्नांचे दुकान चालवत नाही की अशी विक्रीही भरवत नाही. राजवाडा सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत प्रवेशासाठी उघडा असतो. राजघराण्याच्या समारंभामुळे क्वचित बदल होतो, तो अधिकृत संकेतस्थळावर आदल्या रात्री जहाजावरच पाहून ठेवावा आणि रस्त्यात कोणी काहीही सांगितले तरी तिकीट खिडकीपर्यंत स्वतः चालत जावे. खरोखरच बंद असेल, तर पहुडलेल्या बुद्धाची ४६ मीटर लांब मूर्ती असलेले वाट फो जवळच पायी गाठता येते, आणि ता तियेन धक्क्यावरून होडीने नदीपलीकडच्या वाट अरुणलाही जाता येते. खरेदी होऊन गेली असेल, तर बिल, दुकानाचा फोटो आणि टुकटुकचा क्रमांक जपून ठेवून पर्यटक पोलिसांना ११५५ या क्रमांकावर बँकॉक सोडण्यापूर्वीच फोन करावा. जहाज सुटल्यावर प्रवासी दुकानदाराच्या समोर उभा राहू शकत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट त्या दुकानदाराला पक्की ठाऊक असते.